स्प्रिंग कापली, पाटा वाढवला, आणि मग घाट आला

मी म्हसावदहून बोलतोय. शहादा तालुका, नंदुरबार जिल्हा. साताऱ्याचं म्हसवड नाही, जळगावचं म्हसावदही नाही. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण खाली लगेच कुणीतरी विचारतं, "भाऊ, सिद्धनाथाच्या यात्रेला येऊ का?"

आज गाडीबद्दल बोलायचंय. आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे, १९७५ ची. आजोबांनी घेतली, आप्पांनी चालवली, आता माझ्याकडे आली. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्यामुळे जुन्या कागदांवर सगळीकडे धुळंच आहे. गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त मेसेज एकाच गोष्टीवर आले: "जुन्या गाडीचं सस्पेन्शन मॉडिफाय करायचंय, हँडलिंग सुधारायचंय, काय करू?" उत्तर द्यायला मी उशीर केला. कारण ते द्यायचं तर माझा स्वतःचा किस्सा सांगावा लागतो, आणि तो काही अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

आधी गाडीची थोडी ओळख. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पद्मिनी फक्त मुंबईची काळी-पिवळी म्हणून पाहिली असेल, किंवा तेवढीही नाही. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. गाडी मुळात इटलीची, फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती मुंबईत कुर्ल्याला बनवली. आधी फियाट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. वजन नऊशे किलोच्या आतबाहेर.

आणि आपल्या कामाचा भाग: पुढं प्रत्येक चाक वेगळं हलतं, वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. मागं एकच आडवा अ‍ॅक्सल, कमानपाट्यांवर बसवलेला. बैलगाडीच्या आसासारखा म्हणा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही ते कळतं.

आता माझा पराक्रम.

गाडी हातात आली तेव्हा ती डोलायची. वळणावर अशी झुकायची की शेजारी बसलेला माणूस दार धरायचा. मी रील बघितलेले. खाली बसवलेल्या, टायर मडगार्डच्या आत गेलेल्या गाड्या, काय दिसतात! डोक्यात एकच समीकरण बसलं: झुकणं वाईट, कडक चांगलं. मग मी पुढच्या दोन्ही कॉइल स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून घेतला. मागं प्रत्येक बाजूला एक पाटा वाढवला, कारण शेतातून पपईचे क्रेट आणताना मागचा भाग बसायचा. गॅरेजचं नाव घेत नाही. चूक त्यांची नाही, सांगणारा मीच होतो. त्यांनी एकदा विचारलं होतं, "नक्की ना?" मी म्हटलं, "बिनधास्त."

शहाद्याच्या रस्त्यावर गाडी मस्त वाटली. झुकणं कमी, दिसायला रुबाबदार. थोडी आपटायची, पण मी म्हटलं स्पोर्टी आहे.

मग दिवाळीनंतर आई म्हणाली, तोरणमाळला गोरक्षनाथाच्या दर्शनाला जाऊ. ज्यांना भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हसावद म्हणजे सातपुड्याचा पायथा. इथून राणीपूर, आणि पुढं घाट. वर तोरणमाळ अकराशे मीटरच्याही वर. वाटेत सात पायरी घाट आहे. नावावरूनच कळतं, एकावर एक वळणं, जिना चढल्यासारखी. चढताना काही झालं नाही. चाळीस हॉर्सपॉवर चढावर काय पराक्रम करणार?

उतरताना झालं. पुढच्या सीटवर आई आणि मी, मागची सीट रिकामी, डिकी रिकामी. दुसरा गियर होता, काटा तीसच्या आसपास. डावं वळण, आणि आतल्या बाजूने वाहून आलेली बारीक खडी. वळणात एक छोटा खड्डा लागला. पुढून 'ठक' असा आवाज आला आणि गाडी वळायचीच थांबली, सरळ बाहेर जायला लागली. मी घाबरून स्टिअरिंग अजून फिरवलं आणि ब्रेकवर पाय दिला. त्याच क्षणी मागचा भाग उड्या मारत बाहेर आला. गाडी आडवी झाली, आणि मागचा उजवा कोपरा दगडी कठड्याला टेकून थांबली. कठडा होता म्हणून आज मी हे रेकॉर्ड करतोय. पलीकडं काय होतं ते मी उतरून बघितलं. बघायला नको होतं.

आई काही बोलली नाही. खाली उतरली, पदराने तोंड पुसलं आणि एका जीपवाल्याला हात केला. मी गाडी एकटा खाली आणली, पहिल्या गियरमध्ये.

दुसऱ्या दिवशी शहाद्यातल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आयुष्य फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरच्या खाली गेलेलं. त्यांनी गाडी बघितली, खाली वाकले, आणि पहिलं वाक्य: "बेटा, गाडी आजारी होती आणि तू तिला व्यायामाला लावलंस." मग त्यांनी जे समजावलं, आणि नंतर मी पुस्तकं-व्हिडिओ पालथे घालून जे पडताळलं, ते सांगतो. थोडं तांत्रिक आहे, पण कान द्या.

वळणावर गाडी झुकते तेव्हा आपल्याला वाटतं की झुकण्यामुळे वजन बाहेरच्या चाकांवर जातं. उलटं आहे. एकूण किती वजन बाहेर सरकणार हे तीन गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन किती उंचीवर आहे, डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती, आणि तुम्ही किती जोरात वळताय. स्प्रिंग कडक केली म्हणून ते जवळजवळ काहीच बदलत नाही. झुकणं फक्त दिसायचं कमी होतं. स्प्रिंगांनी बदलतं ते एवढंच, की त्या सरकलेल्या वजनाचा वाटा पुढच्या जोडीने किती उचलायचा आणि मागच्या जोडीने किती. जी जोडी जास्त कडक, तिच्या बाहेरच्या चाकावर जास्त बोजा, आणि तिची पकड आधी सुटते.

मी मागं पाटा वाढवला म्हणजे काय केलं? मागच्या जोडीला जास्त वाटा दिला. वर मागची सीट रिकामी, म्हणजे मागच्या चाकांवर वजनच कमी. पपईचे क्रेट असते तर तो पाटा कामाला आला असता. रिकाम्या गाडीत तो पाटा नाही, पाटी आहे. खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उडतं, आणि हवेत असलेल्या टायरला पकड कसली?

आणि पुढं? समजा स्प्रिंगला काम करणारे आठ वेढे आहेत. एक कापला की ती जवळपास चौदा टक्के कडक होते, कारण तोच बोजा पेलायला आता कमी वेढे, म्हणजे कमी तार उरते. चौदा टक्के फार नाही. पण गाडी खाली बसली, आणि आर्म वर जायला जी मोकळी जागा होती ती संपत आली. तो 'ठक' आवाज आर्म रबरी ठोकळ्यावर आदळल्याचा होता. त्या क्षणी स्प्रिंग संपते आणि पुढचं चाक जणू थेट सांगाड्याला जोडलं जातं. बाहेरच्या पुढच्या टायरवर एकदम धक्का, पकड गेली, गाडी सरळ निघाली. शिवाय गाडी खाली आली की आर्म आणि टाय रॉड यांचे कोन एकमेकांशी जुळत नाहीत. मग खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग न हलवता चाक स्वतःच थोडं वळतं. वाहनशास्त्रात त्याला बंप स्टिअर म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, "गाडी ओढते."

वेगाचंही बघा. पंधरा मीटर त्रिज्येचं वळण ताशी तीस किलोमीटरने घेतलं तर बाजूचा ओढा गाडीच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा येतो. चाळीसने घेतलं तर ऐंशी टक्क्यांच्या वर. दहाच वाढले, ओढा पावणेदोन पट. कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. तीसला खडीवर निम्मं वजन म्हणजे आधीच काठावर होतो मी. बाकीचं काम स्प्रिंगांनी केलं.

आता शॉकप. हा शब्दच फसवा आहे, भो. धक्का शोषते ती स्प्रिंग. शॉकपचं काम स्प्रिंगला शांत करणं. आत तेल असतं, ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगच्या उड्यांची ऊर्जा उष्णतेत जाते. माझे मागचे शॉकप गळून कोरडे झालेले. म्हणजे मी स्प्रिंग कडक केली, आणि तिला आवरणारा माणूस आधीच राजीनामा देऊन गेलेला.

सारंगखेड्याच्या यात्रेला गेलात का कधी? तापीच्या काठावर, दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार. जाणकार माणूस घोडा उभा असताना त्याच्याकडे फार बघत नाही. म्हणतो, चालवून दाखवा. रेवाल चालीत वर बसलेल्या माणसाचं डोकं हलत नाही, आणि खाली पाय मात्र पूर्ण काम करत असतात. गाडीला हेच हवं. इंग्लंडमध्ये लोटसवाल्या कॉलिन चॅपमनची ख्यातीच या गोष्टीसाठी: स्प्रिंग मऊ, आवरणारे शॉकप चांगले, गाडी हलकी. १९६२ ची त्याची एलान वळणावर आजही वाखाणली जाते, आणि ती कडक गाडी नाही.

चाचांनी मला पहिले दोन दिवस काही बदलूच दिलं नाही. नुसतं तपासायला लावलं. हे तुम्ही घरीही करू शकता, म्हणून नीट सांगतो.

गाडीचा एक कोपरा जोर लावून खाली दाबा आणि सोडा. वर येऊन जागेवर थांबली तर शॉकप जिवंत आहे. दोन-तीनदा डोलली तर गेला. माझी मागून साडेतीनदा डोलली, चाचा मोजत होते.

मग पुढचं चाक उचला. जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही, खाली घोडी लावा. हे मी दहा वेळा सांगेन. चाक वर आणि खाली धरून हलवा, घड्याळात बारा आणि सहा वाजतात तिथं. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग ढिली. तरीही राहिला तर किंगपिन आणि तिचे बुश. पद्मिनीचं हे जुनं दुखणं आहे, वेळेवर ग्रीस नाही मिळालं की किंगपिन खाते. नंतर तीन आणि नऊवर धरून हलवा. तिथं खेळ असेल तर टाय रॉडचे एंड, नाहीतर स्टिअरिंग बॉक्स. माझ्या गाडीत बारा-सहाला टकटक ऐकू येत होती! म्हणजे पुढची चाकं कुठं बघतायत हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि मी वरून स्प्रिंग कापत होतो.

मागं यू-बोल्ट ढिले आहेत का बघा. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर अख्खा अ‍ॅक्सल तिरका सरकतो, आणि गाडी कुत्र्यासारखी तिरकी चालते. आणि सपाट फरशीवर चारही कोपऱ्यांची उंची मोजून वहीत लिहा. आमची चालकाच्या बाजूने बसलेली. पन्नास वर्षं तिथं कुणी ना कुणी बसलंच आहे ना.

मग काम केलं ते असं. कापलेल्या स्प्रिंग काढून मूळ मापाच्या बसवल्या. वाढवलेले पाटे काढले. जुने पाटे सुटे करून, गंज घासून, मध्ये ग्रीस लावून परत बांधले. पाटे एकमेकांवर सरकायला हवेत, गंजाने चिकटले की कमान नुसती लोखंडाची पट्टी होते. किंगपिन, बुश, पाट्यांच्या डोळ्यातले रबर सगळं नवं. काही पार्ट मुंबईहून आणले, कुर्ल्याहून. ज्या उपनगरात गाडी जन्मली तिथंच तिचे सुटे भाग शोधत फिरायला मजा आली खरी. आणि रबरी बुशांची एक खुबी लक्षात ठेवा: त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळून टाकायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करून, वजन पडू देऊन, मग शेवटचं आवळायचं. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. हे मला एकाही व्हिडिओत दिसलं नाही.

इथपर्यंत मी मॉडिफाय काहीच केलं नव्हतं. फक्त गाडी परत तिच्या मूळ जागी आली होती. आणि खरं सांगतो, राणीपूरपर्यंत एक चक्कर मारली तेव्हा वाटलं, ही डोलणारी गाडी नव्हतीच कधी. आम्ही तिला थकवलं होतं.

बदल केले ते दोनच. पहिला, शॉकप बदलताना ते थोडे जास्त आवरणारे घेतले, चारही सारख्या प्रतीचे. दुसरा, टायर. जुने टायर बायस प्लाय होते, ज्यात आतले धागे तिरके एकमेकांवर जातात. त्या जागी रेडियल घातले, त्यात धागे आडवे सरळ जातात आणि वर पट्टा असतो, म्हणून वळणावर टायर मुरडला तरी जमिनीला टेकलेला भाग टेकलेला राहतो. घेतले मूळ रिमवरच, चौदा इंची, मूळ मापाला धरून. पाच टायर बदला, स्टेपनीसकट. एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल एक बायस असं कधी चालवू नका, आणि नाइलाजाने दोनच रेडियल असतील तर ते मागं. पुढं नाही. पुढं घातले तर पुढची पकड जास्त होते आणि मागचा भाग निसटतो, आणि तो चित्रपट मी बघितलाय. सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. आधी केली तर पैसे वाया.

रुंद टायर का नाही, असं विचारणार तुम्ही. पॉवर स्टिअरिंग नाही, घाटात वळवताना खांदे बोलतात. आणि रुंद टायर रिमबाहेर गेला की बेअरिंग आणि किंगपिनवर ताण वाढतो, ज्या आत्ताच नव्या टाकल्या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पक्कं केलं. झिजलेला भाग त्याच मापाचा नवा घालणं वेगळं, आणि सांगाडा कापून-जोडून दुसऱ्या गाडीचं सस्पेन्शन बसवणं वेगळं. दुसरी गोष्ट, आपण कुठल्याही जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणतो, पण २०२१ च्या केंद्राच्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी. नोंदणीला वीस हजार, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आमची गाडी आता पन्नाशी ओलांडून त्यात बसते. मी अर्ज केला नाही. कारण तशी नोंदणी झाली की रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला, एवढंच. मला ती शेतात न्यायचीय. पण उद्या कुणाला करायचा असेल तर दार उघडं राहावं, म्हणून सांगाड्यावर एकही छिद्र पाडलं नाही. माझ्या मुलांनी ठरवावं.

परत घाटात गेलो का? गेलो. एकटा, सकाळी, कोरडा रस्ता बघून. तेच डावं वळण. आधी थांबलो, चालत जाऊन खडी बघितली, मग गाडी घेतली. काटा पंचवीस. झुकली, चांगलीच झुकली. पण झुकून तिथंच थांबली, आणि कुठं जायचंय ते मला स्टिअरिंगमधून कळत राहिलं. खड्डा लागला तेव्हा 'ठक' नाही झालं. कठड्यावर माझ्या गाडीचा पांढरा रंग अजून आहे.

उतारावर मात्र एक गोष्ट सस्पेन्शनने सुटत नाही. ड्रम ब्रेक तापतात. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, पाय सतत पेडलवर ठेवू नका. तळाशी पोचलो तेव्हा मागचा उजवा ड्रम हाताला जास्त गरम लागला. उघडला तर आतलं सिलिंडर गळतंय. ते काम बाकी आहे, आणि ते होईपर्यंत पावसाळ्यात वर जाणार नाही.

आईला विचारलं, बसतेस का एकदा. बसली. राणीपूरपर्यंत. घाट दिसायला लागला तसं म्हणाली, "थांब इथंच." मग उतरून जीपने गेली वर. मी गाडी तिथंच सावलीत लावली आणि संध्याकाळपर्यंत वाट बघत बसलो.